विठाच्या हातची गोळी

धर्मराजने आमचा तांब्याचा बंब चोरला, तिथून त्याची माझी खरी ओळख झाली. तोवर तो नुसता शेजारी होता.

खरवईत आम्ही प्लॉट घेतला तो त्याच्या चुलत्यांच्या भातशेतातला. आमचे हे अंबरनाथला फॅक्टरीत, आणि मी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या दवाखान्यात नर्स. सत्त्याऐंशी साली घर बांधलं तेव्हा आमच्या खिडकीतून पलीकडच्या कात्रप गावापर्यंत नुसते बांध दिसायचे. शेजार म्हणजे धर्मराजचं कौलारू घर, त्याची बायको विठा आणि एक मुलगी. मुलीचं पुढे पनवेलकडे लग्न झालं. विठा डोक्यावर पाटी घेऊन भाजी विकायची, उन्हाळ्यात जांभळं आणि करवंदं. धर्मराज काय करायचा हे मात्र कुणालाच धड सांगता येत नसे. कधी कुणाचं कुंपण घालून दे, कधी कुणाची भिंत रंगवून दे, आणि उरलेला दिवस ओट्यावर पालथा पडून राहा.

माणूस उंचापुरा, खांदे दारात मावणार नाहीत असे, पण चालताना डावीकडे झुकलेला. त्र्याऐंशी साली अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत ट्रकवरून पिंपं उतरवताना एक पिंप घसरून त्याच्या पाठीत बसलं होतं. कंपनीने त्याला उल्हासनगरच्या एका खाजगी डॉक्टरकडे धाडलं. त्या डॉक्टरचा खाक्या सरळ होता. दुखतंय? घे इंजेक्शन. अजून दुखतंय? अजून एक घे. इंजेक्शन गुंगी आणणारं होतं. मणक्यात नक्की काय बिघडलंय ते नीट बघायची सवड त्या डॉक्टरला कधी झालीच नाही. सहा-आठ महिन्यांनी कंपनीने धर्मराजचं नाव कमी केलं आणि इंजेक्शनं बंद झाली, पण दुखणं काही कंपनीचं नव्हतं, ते त्याच्याकडेच राहिलं, आणि इंजेक्शनाची भूकही राहिली. मग तो उल्हासनगरच्या एका मेडिकलमधून गुंगीच्या निळ्या कॅप्सूल आणायला लागला. त्या मिळाल्या नाहीत की हातभट्टीची, आणि पुढेपुढे दोन्ही.

गाव त्याला बेवडा म्हणायचं. मी तीस वर्षं नर्सचं काम केलंय, त्यामुळे मला हे ऐकून संताप यायचा. अहो, माणसाला पहिली नशा कुणी दिली? पांढऱ्या कोटाने दिली. पण हा संताप माझा बंब चोरीला जाईपर्यंत टिकला, हेही सांगून टाकते.

नव्वदच्या दिवाळीआधी घराला चुना लावायला मी त्याला बोलावलं. दुपारी ड्युटीवरून आले तर भिंती अर्ध्या पांढऱ्या आणि न्हाणीघरातला बंब गायब. माझ्या सासूबाईंचा बंब तो, चांगला जाड तांब्याचा, दोन माणसांनी उचलावा असा. हा गडी एकटा तो डोक्यावर घेऊन शॉर्टकटने रूळ ओलांडून उल्हासनगरला मोडीत घालून आला. संध्याकाळी गटाराकाठी झोपलेला सापडला. सगळं गाव मला सांगत होतं, बघा, पाठ दुखते म्हणे, आणि बंब बरा उचलता येतो. मलाही ते पटलं. पटण्यासारखंच होतं ना.

विठा दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला दंडाला धरून आमच्या अंगणात घेऊन आली. मला वाटलं माफी मागायला. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. तिने त्याचा उजवा हात धरून आपल्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "आजपासून सुई नाय, गोली नाय, दारू नाय. डाक्तरनी दिली तरी नाय. घेशील तर माझा मेलेला तोंड बघशील."

धर्मराजने हात मागे घेतला नाही. मान खाली घालून नुसता हो म्हणाला. मला मनातून हसू आलं. असल्या शपथा दारुडे पायलीच्या पन्नास घेतात. पण त्याने ती पाळली. कशी पाळली ते मी शेजारून बघितलंय. आठ-दहा दिवस तो गुरांच्या गोठ्यात पडून होता, अंगाला कापरं, उलट्या, नाकाडोळ्यांतून पाणी, रात्रंदिवस पाय झाडणं. विठा दाराला बाहेरून कडी लावून भाजी विकायला जायची, कारण पोटाला तर पाहिजेच. आल्यावर कडी काढून त्याला पेज पाजायची. दवाखान्यात ने म्हणून मी दोनदा सांगितलं. ती म्हणाली, दवाखान्यातूनच तर हे घरात आलं.

तो उठला तेव्हा निम्मा झाला होता, पण डोळे स्वच्छ. त्यानंतर त्याने थेंब घेतला नाही. नव्या इमारती उठायला लागल्या तसं त्याला वॉचमनचं काम लागलं. गाव म्हणालं, बघा, सुधारला. सुधारला तो नशेपुरता. पाठ तशीच होती, उलट आता तिच्यावर कसलंच पांघरूण नव्हतं. बसलं की दुखायचं, म्हणून तो उभा राहायचा. उभं राहिलं की डाव्या पायातून कळ टाचेपर्यंत उतरायची, म्हणून पाय उचलून बगळ्यासारखा भिंतीला टेकायचा. कुणाला सांगायला जावं तर लोक डोळे मिचकावायचे, की आलं, कॅप्सूलचं बोलावणं आलं. एकदा तो सरकारी दवाखान्यात गेला होता. तिथल्या डॉक्टरने जुनी कहाणी ऐकली आणि केसपेपर तसाच परत केला. एकदा चोर म्हणून नाव पडलं की माणसाच्या कण्हण्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही.

चौऱ्याण्णव साली एकदा त्याची पाठ अशी धरली की तो आमच्या फाटकाशी वाकला तो सरळ होईना. मी त्याला घरातली साधी तापाची गोळी दिली. त्याने विचारलं, नशेची आहे का? मी म्हटलं, ही तर आम्ही लहान पोरांनाही देतो. त्याने घेतली. त्याच आठवड्यात विठाला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे पिवळे, अन्न बघवेना. महिनाभर ती अंथरुणात होती. धर्मराज तिच्या उशाशी बसून असायचा आणि मी गेले की उठून बाहेर जायचा. मला वाटलं, शेजारणीसमोर बसायला संकोचत असेल.

त्यानंतर तो पाठीला डाग घ्यायला लागला. आमच्याकडे जुन्या लोकांत हा उपाय आहे. लोखंड तापवून दुखऱ्या जागेवर टेकवायचं, म्हणजे म्हणे आतलं दुखणं बाहेर पडतं. बारवीकडच्या एका पाड्यावर एक म्हातारा हे काम करायचा. धर्मराज वर्षाला दोन-तीनदा त्याच्याकडे जायचा. मला याचा पत्ता लागला तो शहाण्णव सालच्या भाद्रपदात. विठा मला बोलवायला आली, म्हणाली, ह्याला ताप भरलाय, जरा बघा. मी त्याचा सदरा वर केला. कमरेपासून वर, कण्याच्या दोन्ही अंगांना, बोटाएवढे डागच डाग. जुने पांढरे पडलेले, नवे लालभडक, आणि एक पिकून पू वाहणारा. माणसाची पाठ आहे की ढोराची, असं मी मोठ्याने बोलले.

त्या क्षणी मला कळलं की हा माणूस नाटक करत नाही. नाटकासाठी कुणी इतकी किंमत देत नाही.

जखम धुऊन बांधली आणि त्याला रिक्षात घालून अंबरनाथला डॉ. दिनानाथ गुप्त्यांकडे घेऊन गेले. गुप्ते मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर होते. निवृत्तीनंतर आठवड्यातले काही दिवस अंबरनाथला बसायचे आणि जुनी दुखणी बघायचे. माणूस संथ, इतका संथ की समोरच्याला झोप यावी. पण त्यांनी धर्मराजला एक तास तपासलं. टाचणीने पाय टोचून बघितले, पाय उचलून बघितला, ताजा एक्स-रे काढायला लावला. तेरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्याच्या मणक्याकडे बघितलं. मणका दबून वाकडा जुळलेला होता, आणि पायाकडे जाणारी शीर त्याच्यात चेपली होती. ऑपरेशनची वेळ निघून गेली होती.

मी त्यांना बाजूला घेऊन कॅप्सूलचं, दारूचं, बंबाचंसुद्धा सांगितलं. पुढे कुणी मला बोल लावायला नको. बंब ऐकून गुप्ते म्हणाले, त्या दिवशी पोटात कॅप्सूल होत्या ना, मग बंबावर तुम्ही बसला असतात तरी त्याने उचलला असता. आणि मग चष्मा पुसत म्हणाले, "सिस्टर, व्यसन खरंय आणि दुखणंही खरंय. एक आहे म्हणून दुसरं खोटं होत नाही. व्यसनी माणसाला औषध द्यायचं नाही असं नसतं, फार सांभाळून द्यायचं असतं."

त्यांनी आधी त्याचं यकृत तपासून घेतलं, कारण दारूने झिजलेल्या यकृताला साधी गोळीही जड जाते. मग शिरांच्या दुखण्याची रात्रीची एक बारीक गोळी, कमरेचा पट्टा, शेक, आणि पडल्यापडल्या करायचे व्यायाम. आणि सकाळ-संध्याकाळ दुसरी एक गोळी, जरा जोराची. त्या गोळीबद्दल त्यांनी आम्हाला तीनतीनदा बजावलं. दुखलं म्हणून ती घ्यायची नाही, वेळ झाली म्हणून घ्यायची. दुखण्याची वाट बघत बसलं की माणूस गोळीचीच वाट बघायला लागतो. आणि गोळ्या धर्मराजकडे ठेवायच्या नाहीत, बायकोने ठेवायच्या आणि तिने आपल्या हाताने द्यायच्या.

इथवर सगळं ठीक चाललं होतं. धर्मराजने हात जोडले आणि म्हणाला, नको. पट्टा बांधीन, शेक घेईन, गोळी घेणार नाही. शपथ आहे. गुप्त्यांनी विचारलं, कसली शपथ? तेव्हा त्याने ते माझ्यादेखत सांगितलं, की एकदा या सिस्टरनी दिलेली तापाची गोळी घेतली आणि आठवड्याच्या आत विठा पिवळी पडली. आता पुन्हा घेतली तर ती उरणार नाही.

मी कपाळावर हात मारला. कावीळ पाण्याने होते, त्या साली निम्म्या खरवईला झाली होती, असं मी त्याला तिथंच ओरडून सांगितलं. गाढवापुढे वाचली गीता. गुप्ते मात्र हसले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, शपथ घालणारी जिवंत आहे ना? मग तीच सोडवू शकेल.

लहानपणी खेळताना आपण सगळेच शपथा घालायचो आणि "सुटली" म्हटलं की मोकळे व्हायचो. धर्मराजसाठी तो खेळ नव्हता. ज्याने घातली त्याने तोंडाने सुटली म्हटल्याशिवाय शपथ सुटत नाही, हे त्याच्यासाठी सूर्य उगवण्याइतकं पक्कं होतं. तेव्हा मला वाटलं, काम सोपं आहे. विठाला सांगायचं, एक शब्द बोल, की झालं.

विठा म्हणाली, "मी नाय सोडनार."

मी तिला परोपरीने समजावलं. मणक्याचा फोटो दाखवला. गुप्त्यांचं बोलणं शब्दाशब्दाने सांगितलं. ती भाजीच्या जुड्या बांधत ऐकत राहिली. मग म्हणाली की तुम्ही त्याची पाठ बघितलीत, मी सात वर्षं त्याचं तोंड बघितलंय. त्याने मुलीच्या कानातलं काढून नेलं, गाभण म्हैस विकली, मला बाजारात पाटीसकट ढकलून पैसे नेले. बुवा केले, अंगारे केले, भावाला बोलावून मार दिला, कशाने फरक पडला नाही. या एका शपथेने पडला. ती एवढीच माझ्याकडे आहे, आणि तुम्ही मला ती माझ्याच तोंडाने सोडायला सांगताय. सोडल्यावर त्याला कोण धरणार, तुम्ही की डॉक्टर?

मी चिडून घरी आले. खरं सांगायचं तर मला दोघांचाही राग आला होता. एकाला दुखतं ते खरं, दुसरीला भीती वाटते तीही खरी. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, आणि इथे तर ताक देणारेही डॉक्टरच. मी आमच्या ह्यांना म्हटलं की त्या घरात पुन्हा पाऊल टाकणार नाही. जखमेवरची पट्टी बदलायला रोज जात होतेच.

दिवाळी गेली. पट्टा आणि शेक यांनी थोडं बरं वाटायचं, थंडी सुरू झाली तसं तेही वाटेना. बारवीकडचा तो म्हातारा त्याच सुमारास वारला. आणि मार्गशीर्षातल्या एका दुपारी धर्मराजने चुलीत विळा खुपसला आणि विठाला म्हणाला की आता डाग तूच दे, माझा हात मागे पोचत नाही.

हे विठानेच मला नंतर सांगितलं. तिने नाही म्हटलं नाही. आजवर तो म्हाताऱ्याकडे जाऊन यायचा आणि ती डागांना खोबरेल लावायची, त्यामुळे तिलाही तो उपायच वाटायचा. तो ओट्यावर पालथा झाला. तिने फडक्यात धरून विळा बाहेर काढला, लालबुंद. त्याने दातात उपरण्याचा बोळा धरला होता. ती खाली वाकली आणि जागा शोधायला लागली. जुन्या डागांमधून कोरी जागा मिळेना. ती शोधत राहिली आणि तो पडल्यापडल्या वाट बघत होता. तेवढ्यात तिला जाणवलं की हा माझ्या जिवासाठी हे घेतोय. गोळी घेतली तर मी मरेन म्हणून हा इथे भाजून घ्यायला पडलाय.

तिने विळा अंगणात फेकला आणि म्हणाली, "सुटली."

त्याला आधी ऐकू आलं नाही की विश्वास बसला नाही, कोण जाणे. तिने पुन्हा म्हटलं, सुटली, सुटली रे, माझी शपथ सुटली. तो उठून बसला आणि घाबरला. सुटका झालेल्या माणसासारखा नाही, भर नदीत दोरी सुटलेल्या माणसासारखा. तशीच ती त्याला माझ्याकडे घेऊन आली, डॉक्टरकडे न्या म्हणाली.

गोळ्या सुरू झाल्या. चमत्कार झाला नाही, आणि कुणी तसं सांगितलं तर विश्वास ठेवू नका. दुखणं निम्म्यावर आलं, कधी निम्म्याच्याही खाली. पण तो बसून जेवायला लागला. रात्री सलग झोपायला लागला. पहिल्या आठवड्यात तो भिंतीला टेकून दोन्ही पाय जमिनीवर ठेवून उभा दिसला आणि मी फाटकापाशी थबकून उगीचच बघत राहिले.

विठाची मात्र झोप गेली. गोळ्यांचं पाकीट ती पदराच्या टोकाला बांधून कमरेला खोचायची. आंघोळीला जाताना पाकीट बरोबर, परसाकडे जाताना बरोबर. सकाळची गोळी देऊन बाजाराला जायची आणि संध्याकाळच्या गोळीच्या आत परत यायची, भाजी खपो न खपो. गोळी दिली की त्याला तोंड उघडायला लावून जिभेखाली बघायची. तो लहान मुलासारखं तोंड उघडायचा. कधीतरी ती बाजारातून लवकर परतली की दुपारीच तो तिच्या पदराकडे बघायला लागायचा, हे तिला कळायचं, आणि तिला कळलं हे त्यालाही कळायचं. गुप्ते दर महिन्याला त्याला बघायचे आणि जाताना विठाला विचारायचे, तू बरी आहेस ना? ती म्हणायची, मला काय धाड भरलीय.

एकदा मी तिला म्हटलं, थोडी विसाव. ती म्हणाली, आजवर शपथ राखण करायची, आता माझी पाळी. ती किती थकली होती ते तिच्या बोलण्यात नाही, बसण्यात दिसायचं. पाटी उतरवली की ती बसायची नाही, कोसळायची.

मुलीकडे बाळंतपण झालं तेव्हा ती सकाळी जाऊन संध्याकाळी परत आली. माहेरी तर दीड वर्षात पाऊल टाकलं नव्हतं. माहेर मुरबाडच्या आत, जायचं तर मुक्काम आलाच.

अठ्ठ्याण्णवच्या चैत्रात तिचा भाऊ धोंडिबा गेला. निरोप आला तो नेमका आम्ही नणंदेकडे पुण्याला गेलो तेव्हा. धर्मराजला गाडीत एवढं बसवत नसे, भाऊबंदांशी बोलणं नव्हतं, मुलगी लांब. तिसऱ्या दिवशी राख सावडल्याशिवाय बहिणीला परत येता येईना. तिने पदराची गाठ सोडली, पाकीट देवाच्या फळीवर ठेवलं, धर्मराजला वेळा सांगितल्या आणि रडत एसटीला गेली.

आम्ही परत आलो त्याच सकाळी ती उन्हातून चालत येताना दिसली. घरी न जाता सरळ माझ्या दारात आली. तोंड सुकून गेलं होतं. म्हणाली, "शिस्टर, माझ्या संगती चला. मना एकटीला दार उघडवत नाय."

मला काही विचारावं लागलं नाही. मी चप्पल घातली आणि निघाले. वाटेत मी मनात सगळं तयार ठेवलं होतं, अंबरनाथला रिक्षा, सलाईन, पोट धुणं.

दार नुसतं लोटलेलं होतं. धर्मराज आतल्या खोलीत सारवलेल्या जमिनीवर पालथा होता, डावा पाय पोटाशी घेतलेला, आणि जमीन त्याच्या तोंडाजवळ घामाने ओली झालेली. विठाने त्याच्याकडे बघितलं नाही. नवरा जिवंत आहे का ते बघायच्या आधी ती फळीकडे गेली आणि तिने पाकीट उचललं. उलटंसुलटं करून बघितलं. मग माझ्या हातात दिलं, आपण चुकीचं बघतोय की काय म्हणून. ती ठेवून गेली होती तसंच होतं ते. एकही गोळी फोडलेली नव्हती.

ती त्याच्याजवळ उकिडवी बसली आणि ओरडली, का नाही घेतलीस, मी वेळा सांगून गेले होते ना? त्याला मान वळवायला वेळ लागला.

"तुझ्या हातची नव्हती," तो म्हणाला.

"मीच ठेवली व्हती ना रे हितं."

"तू ठेवलीस. पन उचलायची माझ्या हातानं व्हती. एक उचलली असती त मंग थांबलो नसतो. माझ्या या हाताचा मनाच भरवसा नाय, विठे."

विठा जमिनीवर बसली. पाकीट तिने माझ्या हातातून घेतलं आणि त्यातली एक गोळी काढायला लागली, पण कागद फाटेना. मी मदत करायला हात पुढे केला तर तिने तो बाजूला सारला. "भावाला रडायला गेलते," ती म्हणाली, "मना रडायला पन आला नाय. तो तिथं चितेवर, आन् मी इथल्या गोल्या मोजतेय मनात. दोन दिवस तुला शिव्या देत व्हते, धर्मा. सगल्या लोकांत बसून."

गोळी निघाली. मी मडक्यातलं पाणी आणून दिलं. तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं, गोळी त्याच्या जिभेवर ठेवली, आणि त्याने गिळल्यावर तोंड उघडलं तेव्हा ती जिभेखाली बघायची विसरली. तिला समोरचं दिसतच नव्हतं. आता ती भावाला रडत होती.